नाशिकच्या गाण्याच्या तारखा कोण लिहिणार?

संगीताच्या इतिहासात आजच्या दिवशी काय घडलं, हे सांगणारा मजकूर रोज सकाळी फोनवर येऊन पडतो. 15 ऑगस्टचंच घ्या. 1965 साली याच दिवशी न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला आणि तो ऐकायला पन्नास हजारांहून जास्त माणसं जमली. 1969 साली याच दिवशी न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतावर वुडस्टॉकचा महोत्सव सुरू झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि दोन्ही मोठ्या. पण हाच मजकूर सिडकोतल्या किंवा नाशिकरोडच्या एखाद्या ग्रुपवर फिरतो तेव्हा त्यात एक ओळ मला आजवर दिसलेली नाही: 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला वामनदादा कर्डक जन्मले.

ज्यांच्या गाण्यांशिवाय 14 एप्रिलची मिरवणूक पुरी होत नाही, ज्यांनी हजारो गाणी रचली आणि ती गावोगाव स्वतः गायली, ते लोकशाहीर आपल्या जिल्ह्यातले. 15 मे 2004 रोजी ते गेले तेही नाशिकमध्येच. त्यांच्या जन्मशताब्दीचा दिवस 15 ऑगस्ट 2022, म्हणजे स्वातंत्र्याला 75 वर्षं पूर्ण झाली तोच दिवस. घरोघरी तिरंगा लागला होता, चौकाचौकात ध्वनिवर्धक होते, आणि त्यांतून बहुतेक ठिकाणी हिंदी सिनेमातली तीच ती देशभक्तीची गाणी वाजत होती. माणसाच्या मुक्तीची गाणी आयुष्यभर गाणाऱ्या शाहिराचं एखादं गाणं त्या दिवशी वाजवायला याहून योग्य मुहूर्त कुठला होता?

माझं म्हणणं सरळ आहे. नाशिकने आपला संगीताचा दिनविशेष स्वतः लिहायला हवा, तपासून लिहायला हवा, आणि तो दिवस आला की नुसता वाचून न थांबता गायला-वाजवायला हवा. हे काम हौशी माणसांवर सोडून भागणार नाही. गावाला ग्रंथालय लागतं तशीच ही नोंद लागते, म्हणून ते सार्वजनिक काम आहे.

दिनविशेष हा प्रकार आपल्याला नवा नाही. शाळेच्या परिपाठात प्रार्थना झाली, सुविचार झाला की दिनविशेष येतो. फळ्याच्या कोपऱ्यात तो खडूने लिहिला जातो. आकाशवाणीवर, वर्तमानपत्रात, भिंतीवरच्या कालनिर्णयात तो असतोच. पण त्यात बहुतेक पुढारी, समाजसुधारक आणि शास्त्रज्ञ. गाणारी माणसं क्वचित. आणि असली तरी एखाद्या मोठ्या नावाच्या सावलीत.

28 मे ही तारीख पाहा. त्या दिवसावर सावरकरांचं नाव मोठ्या अक्षरात असतं. 1883 साली भगूरला, म्हणजे नाशिकजवळच, त्यांचा जन्म झाला, तेव्हा ते स्वाभाविकच आहे. पण त्याच 28 मे रोजी, 1921 साली, नाशिकमध्ये आणखी एक जन्म झाला: दत्तात्रय विष्णू पलुस्कर, म्हणजे द. वि. पलुस्कर. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी त्यांना घडवलं. ‘बैजू बावरा’ (1952) या सिनेमात तानसेन आणि बैजू यांची जी जुगलबंदी आहे, तिच्यात तानसेनाचा आवाज उस्ताद अमीर खाँसाहेबांचा आणि बैजूचा आवाज पलुस्करांचा. ज्यांनी आयुष्यात कधी मैफल ऐकली नाही अशा लाखो लोकांनी थिएटरच्या अंधारात देसी राग ऐकला, तो नाशिकमध्ये जन्मलेल्या गळ्यातून. 1955 च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी ते गेले. मागे उरल्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आणि थोडी रेडिओवरची मुद्रणं. तुलसीदासांचं आणि मीरेचं भजन तेवढ्याशा वेळात बसवताना त्यांनी एकही स्वर घाईने टाकलेला नाही. मला विचाराल तर नाशिकच्या मातीतून जगाला गेलेली ही सगळ्यात निर्मळ गोष्ट आहे. त्यांची जन्मशताब्दी 28 मे 2021 ला आली. कोरोनाची दुसरी लाट होती, सभागृहं बंद होती. दिवस निघून गेला.

त्यांच्या वडिलांचं, विष्णू दिगंबर पलुस्करांचं, नाशिकशी असलेलं नातंही फार थोड्या नाशिककरांना ठाऊक असतं. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुठल्याही संस्थानिकाच्या आश्रयाशिवाय, लोकांच्या वर्गणीवर आणि तिकिटाच्या पैशांवर चालणारी गाण्याची शाळा त्या काळात धाडसाचीच होती. पुढे मुंबईत शाळेचा पसारा वाढला, कर्ज वाढलं, आणि त्यापायी मुंबईची वास्तू हातची गेली. मग हा माणूस पंचवटीत येऊन राहिला. रामनाम आधार आश्रम काढून गोदाकाठी रामनामात रमला. 1931 च्या 21 ऑगस्टला मिरजेत त्यांचं निधन झालं. लाहोर, मुंबई, मिरज ही गावं त्यांच्या चरित्रात ठळक येतात. पंचवटी येते ती जाता जाता. गाण्याला राजवाड्यातून आणि कोठीवरून बाहेर काढून सामान्य घरातल्या मुलामुलींपर्यंत नेणारा माणूस अखेरची वर्षं आपल्या घाटावर होता, आणि घाटावर रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे?

आता एक आडवा प्रश्न येतो. संगीतातल्या काही गोष्टींना पक्की तारीख असते आणि काहींना नसते, असं का?

उत्तर बाजारात आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि 1902 च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं. विकायच्या मालाची नोंद ठेवावीच लागते. तबकडीवर क्रमांक, कंपनीच्या वहीत गायकाचं नाव, बाजारात आल्याचा महिना. सिनेमाचं तेच. प्रदर्शनाची तारीख जाहिरातीत छापली जाते, म्हणून ती टिकते. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला आणि आपल्याकडचा सिनेमा बोलायला, गायला लागला. ही तारीख प्रत्येक दिनविशेषात असते. पण त्या सिनेमाची एकही प्रत आज उरलेली नाही. त्यातली गाणी मूळ आवाजात कुणालाही ऐकता येत नाहीत. तारीख आहे, आवाज नाही.

याच्या अगदी उलट नाशिक ढोल. केरळात लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या मिरवणुकीत, उत्सवात ‘नासिक ढोल’ याच नावाने तो वाजतो. तिथली पोरं तो शिकतात, त्याची पथकं काढतात. आपल्या शहराचं नाव असलेलं वाद्य आणि चाल हजार-बाराशे किलोमीटरवरच्या गावांत पोचलं, आणि त्या प्रवासाला एकही तारीख नाही. पहिलं पथक कुठल्या साली तिकडे गेलं, कुणी नेलं, कुठला ठेका आधी उचलला गेला, हे इतिहासात नोंदवावं असं कुणाला वाटलंच नाही. कारण त्यात कुणी काही विकत नव्हतं. आवाज आहे, तारीख नाही. बाहेरून आयता आलेला दिनविशेष आपण जेव्हा पुढे ढकलतो तेव्हा आपण नकळत एवढंच मान्य करत असतो, की ज्याची विक्री झाली तेवढंच संगीत घडलं.

आणि तारखा नसतात असंही नाही. त्या असतात, आपण विचारायला जात नाही एवढंच. काही वर्षांपूर्वी पंचवटीत एका जुन्या गायनपार्टीच्या गायकांकडे गेलो होतो. त्यांनी कपाटातून लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट खातेवही काढली. डाव्या पानावर गाण्यांची ध्रुवपदं, प्रत्येकापुढे पेटीची पट्टी लिहिलेली, काळी दोन, काळी चार. उजव्या पानावर तारीख, गाव, सुपारी कुणी दिली, बिदागी किती ठरली आणि किती मिळाली, ढोलकीला कोण होतं. एका नोंदीपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘पाऊस. कार्यक्रम शाळेत घेतला. पहाटे चारपर्यंत.’ दुसऱ्या एका पानावर गाण्याच्या दोन ओळी खोडून वर नव्या घातल्या होत्या आणि शेजारी गावाचं नाव होतं, म्हणजे त्या गावात गाताना गाणं बदललं. कुठल्या संगीत कंपनीच्या दप्तरात याहून चोख नोंद असेल? दिंडोरी, निफाड, येवला, मनमाड, पार खानदेशापर्यंतच्या रात्री त्या वहीत तारीखवार उभ्या होत्या. अशा वह्या जिल्ह्यात अनेक घरांत असतील. बँडवाल्यांकडे, तमाशातल्या जुन्या ढोलकीवाल्यांकडे, भजनी मंडळांकडे, गणेशोत्सवात मेळे गाजवलेल्या घरांत. मालक थकला, मुलं पुण्या-मुंबईला गेली, घर बदललं की त्या रद्दीत जातात. ही निकड आजची आहे, कारण ज्यांना त्या वह्यांतलं अक्षर लागतं ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.

ज्या तारखा आपण पाळतो, त्यांच्यातलं संगीतही आपण ऐकत नाही. 2 मार्च 1930. काळाराम मंदिर सत्याग्रहाचा पहिला दिवस. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या त्या मैलभर लांब मिरवणुकीच्या वर्णनात अग्रभागी लष्करी चालीवर वाजणारं वाद्यपथक येतं. देवळाचं दार उघडा म्हणायला निघालेली माणसं कवायतीच्या तालावर पावलं टाकत होती. मला हे फार मोठं वाटतं. ज्यांना देवळापुढे उभं राहण्याचीही मनाई होती, त्यांनी आपल्या येण्याची वर्दी वाद्यांनी दिली. आपण 2 मार्चला भाषणं ऐकतो. त्या दिवशी पंचवटीत एक वाद्यपथक त्याच इराद्याने का वाजू नये?

किंवा 21 डिसेंबर 1909. विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. त्या रात्री तिथे देवलांचं ‘संगीत शारदा’ होतं, हा तपशील पुस्तकात असतो, पण त्यावर कुणी थांबत नाही. थांबलं तर कळतं की 1909 साली नाशिकचं लोकप्रिय संगीत म्हणजे नाट्यपद होतं. बदली झालेल्या इंग्रज अधिकाऱ्याला निरोप द्यायचा तर गाव त्याला संगीत नाटकाला नेत होतं. म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं दुःख गाण्यांतून सांगणारं ते नाटक, आणि त्याच नाट्यगृहात राजकीय इतिहासाचा एक टोकाचा क्षण. दोन्ही गोष्टी एकाच तारखेच्या आहेत. एक सांगताना दुसरी गाळली की त्या रात्रीचं नाशिक अर्धंच दिसतं.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप वारकरी मंडळी घेतील, आणि तो वजनदार आहे. तारखेचं हे खूळ कशाला, आपल्याला तिथी आहे की. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वराची वाट दिंड्यांनी भरून जाते. कडाक्याची थंडी, टाळ-मृदंग, रात्रभर चाललेलं भजन. शतकानुशतकं चालत आलेलं हे संगीताचं पंचांगच आहे. हा आक्षेप मी आनंदाने मान्य करतो, कारण माझा अर्धा मुद्दा त्यातूनच आला आहे. वारकऱ्यांच्या पंचांगात दिवस आला की गातात. त्या दिवशी निवृत्तीनाथांविषयी चार वाक्यं वाचून कुणी घरी जात नाही. आपला आधुनिक दिनविशेष तिथेच कमी पडतो: फोटो, हार, दोन ओळी, संपलं. तिथीची ही रीत तारखेला लावा, एवढंच मागणं आहे.

आणि दोन्ही पद्धती एकत्र नांदू शकतात, हे मराठी संगीतानेच दाखवलंय. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून पहिल्यांदा ऐकू आलं ते 1 एप्रिल 1955 ला. त्या वर्षीची रामनवमी त्या दिवशी होती. पुढे दर आठवड्याला एक नवं गीत, अशी 56 गीतं. गदिमा लिहीत होते, बाबूजी चाल बांधत होते आणि महाराष्ट्र रेडिओपाशी बसत होता. आता ती आठवण 1 एप्रिलला करायची की रामनवमीला? नोंदीसाठी 1 एप्रिल, गाण्यासाठी रामनवमी. काळारामाच्या पंचवटीत तरी हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. शिवजयंतीवरून तिथी-तारखेचा वाद आपण पुरेसा पाहिलाय, त्याची दुसरी आवृत्ती नको.

तारीख लिहायची तर खात्री करूनच. सोयीची तारीख खऱ्या तारखेला फार लवकर गिळते. चिनी आक्रमणानंतर लताबाईंनी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंसमोर ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं तो दिवस 27 जानेवारी 1963 चा. पण फिरणाऱ्या मजकुरात कितीदा तरी 26 जानेवारी असतं, कारण प्रजासत्ताक दिनाशी ते जुळतं. शिवाय त्या मजकुरात कवी प्रदीप कधी असतात, कधी नसतात, आणि चाल बांधणारे सी. रामचंद्र, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, बहुधा नसतातच. गैसबर्गने 1902 साली कलकत्त्यात जिचा आवाज टिपला, त्या गायिका गौहरजान यांच्या पहिल्या मुद्रणाचा दिवसही कुठे 2 नोव्हेंबर, कुठे 11 नोव्हेंबर. म्हणून नाशिकच्या यादीत प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून मिळाली ते असलंच पाहिजे: छापील पुस्तक, तबकडी, वर्तमानपत्राचं कात्रण, की कुणाच्या घरची वही. जिथे फक्त सांगोवांगी आहे तिथे तसंच लिहावं. महिना माहीत असेल तर महिनाच लिहावा. ओढून-ताणून दिवस बसवू नये.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. आधीच जयंत्या उदंड, त्यात आणखी भर कशाला? फलक लागणार, त्यावर नगरसेवकांचे चेहरे कलावंतापेक्षा मोठे असणार. आणि जयंत्या आपल्या शहरात वस्तीवस्तीने वाटलेल्या आहेत. पलुस्करांचं नाव एका प्रकारच्या सभागृहात निघतं, वामनदादांचं दुसऱ्या वस्तीत. एकीकडचे श्रोते दुसरीकडे जात नाहीत. एकाला शास्त्रीय म्हटलं, दुसऱ्याला प्रबोधनपर म्हटलं, की न जाण्याची सोय होते. मनातलं कारण जातीचं असतं, हे बोलून टाकायला हवं. दोघांनीही रेडिओच्या आणि तबकडीच्या काळात आपल्या गळ्यावर लोकांना बांधून ठेवलं, दोघंही या जिल्ह्याचे, आणि एकाच्या श्रोत्याला दुसऱ्याचं एक पूर्ण गाणं येत नाही. हे नुकसान कुणा एका वस्तीचं नाही, अख्ख्या गावाचं आहे. शहराने लिहिलेल्या एका यादीत ही नावं एकाच पानावर, फक्त तारखेच्या क्रमाने येतील. म्हणूनच यादी एखाद्या मंडळाने किंवा समाजाने काढू नये, गावाच्या संस्थेने काढावी. आणि जयंतीपेक्षा घटनेला मान द्यावा: कुठलं गाणं कधी, कुठे, कुणापुढे गायलं गेलं. जन्मतारखेला हार घालता येतो, गाण्याच्या तारखेला गावंच लागतं.

बाहेरच्या जगाला दार बंद करा, असं मी अजिबात म्हणत नाही. वुडस्टॉकच्या पहिल्या रात्री पावसात सतार वाजवत बसले होते ते पंडित रविशंकर. 15 ऑगस्ट 1947 च्या सकाळी आकाशवाणीवर ‘वंदे मातरम्’ गायलं ते ओंकारनाथ ठाकूर यांनी, आणि ओंकारनाथ म्हणजे पंचवटीत येऊन राहिलेल्या त्याच विष्णू दिगंबरांचे शिष्य. एकाच तारखेवर देशवंडी, दिल्ली आणि न्यूयॉर्क शेजारी-शेजारी येतात. देशवंडीची ओळ आपण घातली नाही तर ती दुसरं कुणी घालणार नाही, एवढाच फरक आहे.

काम कुणी करावं? 1840 पासून उभं असलेलं सार्वजनिक वाचनालय शहरात आहे, आकाशवाणीचं केंद्र आहे, महापालिकेचं कालिदास कलामंदिर आहे, महाविद्यालयांत संगीत आणि इतिहास शिकणारी मुलं आहेत. मुलांनी घरोघर जाऊन वह्यांची पानं फोनवर टिपावी, मूळ वही मालकाकडेच राहू द्यावी, आणि बोलणाऱ्याचा आवाजही मुद्रित करावा. वाचनालयाने ते तपासून, लावून ठेवावं. आकाशवाणीने सकाळी पाच मिनिटं द्यावी, ज्यांत बोलणं एक मिनिट आणि गाणं चार मिनिटं. सिंहस्थाच्या तयारीला लागलेल्या शहराकडे एवढ्या कामापुरता पैसा नक्कीच आहे.

परिपाठात या तारखा आणायच्या तर एक अडचण आहे. 5 मे, 15 मे आणि 28 मे, तिन्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत पडतात. पण मे महिन्यातच गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. उन्हं कलली की लोक आपापली जागा धरतात आणि फुकट, मोकळ्या आभाळाखाली ऐकतात. त्यातल्या दोन संध्याकाळी गाण्याला द्याव्यात. 15 मेला जिल्ह्यातल्या गायनपार्ट्यांनी वामनदादा गावेत, आणि त्यांना दाद द्यायला शास्त्रीय संगीताचे वर्ग चालवणाऱ्यांनी आपले विद्यार्थी घेऊन पुढच्या रांगेत बसावं. 28 मेला त्या विद्यार्थ्यांनी पलुस्करांची भजनं गावीत, आणि गायनपार्टीच्या ढोलकीवाल्यांना सन्मानाचं निमंत्रण जावं. येत्या मे महिन्यापासून हे करायला कुणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही.